युरोपने भुलीचा गॅस बंद केला. मज्जारज्जूच्या गाठीचे ऑपरेशन पुढे ढकलायचे का?

युरोपीय संघातील देशांत १ जानेवारी २०२६ पासून डेसफ्लुरेन हा भुलीचा गॅस नेहमीच्या शस्त्रक्रियांसाठी वापरायला बंदी आली. बातमी छोटी होती. पण व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत ती महाड-पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचली तेव्हा तिचा अर्थच बदललेला होता. ऑपरेशनचा गॅस विषारी निघाला, परदेशात बंद झाला, आपल्याकडे मात्र चालूच आहे, अशा आशयाचा मेसेज मला दोन-तीन जणांनी दाखवला.

असे मेसेज एरवी मी सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला मुलगा तो घेऊन दवाखान्यात आला. त्याच्या आईच्या पाठीच्या मणक्यात, मज्जारज्जूवर दाब आणणारी गाठ एमआरआयमध्ये दिसली आहे. मुंबईतल्या रुग्णालयाने ऑपरेशनची तारीख दिली आहे. त्याने विचारले, "डॉक्टर, नवीन भूल येईपर्यंत थांबू का?"

उत्तर आहे, थांबू नका. पण नुसते 'थांबू नका' म्हणून भीती जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो. मी भूलतज्ज्ञ नाही, एमबीबीएस झालेला जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. ऑपरेशनच्या टेबलावर काय करायचे हे भूलतज्ज्ञ ठरवतील. ते असे का ठरवतात आणि त्यात घरच्यांनी काय मदत करायची, एवढे मी सांगू शकतो.

बातमी नेमकी काय आहे

डेसफ्लुरेनवरची बंदी रुग्णाला अपाय होतो म्हणून आलेली नाही. ती हवामानासाठी आलेली आहे. आपण श्वासातून घेतलेला भुलीचा गॅस शरीरात जवळजवळ बदलत नाही. तो तसाच उच्छ्वासातून बाहेर येतो आणि नळीवाटे रुग्णालयाच्या बाहेरच्या हवेत सोडला जातो. तिथे तो उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने डेसफ्लुरेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरतो. सेवोफ्लुरेन हा दुसरा, आपल्याकडे भरपूर वापरला जाणारा गॅस दोनशे पटींच्या आत आहे. म्हणजे तेच काम करणारे, पृथ्वीला कमी महाग पडणारे औषध हाताशी आहे. म्हणून स्कॉटलंडने २०२३ मध्येच डेसफ्लुरेन थांबवला, इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांनी २०२४ मध्ये, आणि आता युरोपीय संघाने. युरोपच्या नियमातही एक सवलत ठेवली आहे. एखाद्या रुग्णाला वैद्यकीय कारणाने दुसरे काहीच चालणार नसेल, तर डेसफ्लुरेन देता येतो. विषारी ठरवलेल्या औषधाला अशी सवलत कोणी ठेवत नाही.

हा नियम भारतातल्या रुग्णालयांना लागू नाही. तुमच्या रुग्णालयात डेसफ्लुरेन वापरत असतील तर ते काही बेकायदा किंवा घातक करत नाहीत.

आता हवामानाचे काय घेऊन बसलात, असे निदान महाडकरांनी तरी म्हणू नये. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी बाजारपेठेत कुठवर चढले होते आणि तळियेत काय झाले, हे आपण पाहिले आहे. एकट्या भुलीच्या गॅसमुळे पूर येत नाही, या सगळ्यात त्याचा वाटा लहान आहे. पण जगातल्या डॉक्टरांनी आपला लहान वाटा तरी कमी करायचे ठरवले, यात मला काही वावगे दिसत नाही. फक्त त्या बातमीचा आणि तुमच्या आईच्या पाठीचा संबंध लावू नका.

गंमत अशी, की मज्जारज्जूच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये भुलीचा गॅस कमीत कमी वापरण्याची पद्धत या बंदीच्या कितीतरी आधीपासून आहे. तिचे कारण वेगळे आहे आणि ते तुम्ही समजून घेण्यासारखे आहे.

भुलेत असताना पाय शाबूत आहेत हे कसे कळते?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली कमरेपर्यंत जाणारी, साधारण करंगळीएवढ्या जाडीची दोरी. हालचालीचा हुकूम तिच्यातून खाली जातो. स्पर्श, दुखणे, पाय कुठे पडला याची जाणीव तिच्यातून वर येते. लघवी-संडासचा ताबाही तिच्याकडेच. गाठ कधी या दोरीच्या बाहेर, तिच्यावरच्या आवरणातून किंवा नसेतून वाढते. मेनिन्जिओमा आणि श्वानोमा या गाठी अशा असतात. बहुतेक साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या. कधी ती दोरीच्या आतच वाढते, उदाहरणार्थ एपेंडिमोमा आणि ॲस्ट्रोसायटोमा. आतली गाठ काढणे जास्त अवघड, कारण तिथे पोचायला मज्जारज्जूच उघडावा लागतो.

सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली काम करत असतात. पण कोणत्या क्षणी मज्जारज्जूला त्रास होतो आहे, हे डोळ्यांना नेहमी दिसत नाही. रुग्ण भुलेत असतो, 'पाय हलवा' म्हणून सांगता येत नाही. म्हणून न्यूरोमॉनिटरिंग करतात. डोक्याच्या कातडीला बारीक सुया लावून विजेचा हलका झटका देतात आणि तो मज्जारज्जूतून उतरून हातापायांच्या स्नायूंपर्यंत पोचतो का, हे पडद्यावर पाहतात. याला मोटर इव्होक्ड पोटेन्शियल किंवा नुसते एमईपी म्हणतात. दुसऱ्या चाचणीत उलटे करतात. घोट्याजवळच्या नसेला झटका देऊन तो मेंदूपर्यंत वर पोचतो का, हे पाहतात. लाइनमन खांबावर चढलेला असताना खाली कोणीतरी घरातला दिवा लागतो-विझतो का हे ओरडून सांगत असतो ना, तसेच.

इथे गॅसची अडचण येते. सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन यांपैकी कोणताही गॅस भूल देताना मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या पेशींचे एकमेकींना निरोप देणे मंद करतो. रुग्ण झोपतो तो त्यामुळेच. पण त्याबरोबर एमईपीचा सिग्नलही दबतो. पाय धडधाकट असलेल्या माणसात थोड्या गॅसवरही सिग्नल मिळू शकतो. ज्याचे पाय गाठीमुळे आधीच कमजोर झाले आहेत, त्याचा सिग्नल मुळात क्षीण असतो आणि थोड्याशा गॅसनेही तो पुसला जातो. म्हणजे ज्याला पाहऱ्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच बाबतीत गॅस सर्वांत जास्त आड येतो.

त्यामुळे अशा ऑपरेशनात बहुधा शिरेतून भूल देतात. प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध आणि फेंटानिलसारखे वेदना थांबवणारे औषध पंपाने संथपणे चालू ठेवतात. याला टीआयव्हीए, बोलताना टिवा, म्हणतात. प्रोपोफॉलही सिग्नल थोडा दाबतो, पण गॅसपेक्षा कमी. काही ठिकाणी प्रोपोफॉलबरोबर थोडा गॅसही चालू ठेवतात, साधारणपणे पूर्ण भुलीला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी. स्नायू ढिले करणारे औषध घशात नळी घालण्यापुरतेच देतात. कारण स्नायूच ढिले पडले तर ते झटक्याला उत्तर कुठून देणार?

गॅस किती, याइतकेच तो स्थिर आहे का, याला महत्त्व आहे. समजा ऑपरेशनच्या तिसऱ्या तासाला डाव्या पायाचा सिग्नल अचानक घटला. सर्जन हात थांबवतात, कोमट सलाइनने जागा धुतात, भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात, काही मिनिटे वाट पाहतात. बऱ्याचदा सिग्नल परत येतो आणि काम पुढे सुरू होते. पण त्याच पाच मिनिटांत कोणी गॅस वाढवला असेल, तर सिग्नल गॅसने घटला की हत्याराने, हे सांगता येत नाही. नको तिथे काम थांबते, किंवा थांबायला हवे तिथे चालू राहते. भूलतज्ज्ञांचे काम फक्त झोपवण्याचे आणि उठवण्याचे, असा आपल्याकडे समज आहे. या ऑपरेशनात रुग्णाचे पाय जितके सर्जनच्या हातात असतात तितकेच भूलतज्ज्ञांच्याही.

शिरेतल्या भुलीत मध्येच जाग आली तर, अशी भीती काहींना वाटते. प्रश्न योग्य आहे. गॅस किती गेला हे मशीन उच्छ्वासात मोजून दाखवते. शिरेतले औषध तसे मोजता येत नाही. म्हणून कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली दाखवणारा बीआयएससारखा मॉनिटर वापरतात. तो लावणार का, असे भूलतज्ज्ञांना जरूर विचारा. असे विचारण्यात अपमान काही नाही.

मॉनिटरिंगची सोय नसेल तर?

सगळ्या रुग्णालयांत न्यूरोमॉनिटरिंगचे यंत्र आणि ते वाचणारा माणूस असतोच असे नाही. मज्जारज्जूच्या बाहेरच्या, साध्या दिसणाऱ्या गाठी अनुभवी सर्जन त्याशिवायही काढत आले आहेत. अशा वेळी सेवोफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेनवर भूल दिली तर ती चूक नव्हे, ती सुरक्षित आणि नेहमीची पद्धत आहे. ऑपरेशनच्या मध्येच भूल हलकी करून रुग्णाला पाय हलवायला सांगणे, ही १९७३ पासून चालत आलेली वेक-अप चाचणीही काही मणक्याच्या ऑपरेशनांत वापरतात. हे कळले तर घाबरू नका. रुग्णाला त्या वेळी दुखत नाही आणि बहुतेकांना नंतर ते आठवतही नाही.

पण गाठ मज्जारज्जूच्या आत असेल, तर माझे स्पष्ट मत असे, की मॉनिटरिंग असलेल्या ठिकाणीच जावे. त्यासाठी आठवडाभर जास्त वाट पाहावी लागली आणि सर्जनने ते चालेल असे सांगितले, तर ती वाट पाहण्यासारखी आहे. मेसेज वाचून तारीख रद्द करणे आणि हे, यात फरक आहे.

नायट्रस ऑक्साइड आणि बी-१२

आता ज्या गॅसबद्दल मी आमच्या भागातल्या लोकांना मुद्दाम सांगतो, तो वेगळाच आहे. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लोक ज्याला हसवणारा वायू म्हणतात तो. दीडशेहून अधिक वर्षे तो वापरात आहे, स्वस्त आहे, वेदना कमी करतो आणि बहुतेक माणसांना काही अपाय करत नाही. पर्यावरणाच्या कारणाने त्याच्याकडेही आता बोट दाखवले जात आहे. तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट उष्णता धरतो, आणि मोजणी केल्यावर असे दिसले, की रुग्णालयाच्या पाइपातला बराचसा वायू रुग्णापर्यंत न पोचता गळूनच जातो. तेही असो.

मज्जारज्जूच्या रुग्णासाठी त्याची अडचण अशी, की तो शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. नसांवरचे आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे संरक्षक वेष्टण नीट राहायला बी-१२ लागते. ज्याच्या शरीरात साठा भरपूर आहे, त्याला एका ऑपरेशनने फरक पडत नाही. ज्याच्यात तो आधीच तळाला गेला आहे, त्याला ऑपरेशननंतर काही आठवड्यांत पायांना मुंग्या, तोल जाणे, अंधारात चालता न येणे असा त्रास सुरू होऊ शकतो. ब्रिटनमध्ये तरुण मुले फुग्यातून हाच वायू मजेसाठी ओढून मज्जारज्जूला इजा करून घेऊ लागली, तेव्हा ८ नोव्हेंबर २०२३ पासून असा वापर गुन्हा ठरवावा लागला.

आपल्याकडे बी-१२ कमी असलेली माणसे पुष्कळ आहेत. कोकण म्हटले की मासळी, असे बाहेरच्यांना वाटते. पण पोलादपूरकडे माळकरी घरे कमी नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, घरात मासे-मटण वर्ज्य, आणि दूधही जेमतेम चहापुरते. त्यात वय साठीच्या पुढे, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी रोज एक गोळी. या सगळ्यांनी बी-१२ घटते. अशा माणसाच्या मज्जारज्जूवर गाठीचा दाब असताना त्याला नायट्रस ऑक्साइड न देणेच शहाणपणाचे. मणक्यातले आवरण उघडल्यावर आत हवा अडकली असेल, तर हा वायू तिच्यात शिरून तिला फुगवतो आणि दाब वाढवतो. तो एमईपीचा सिग्नलही दाबतो. म्हणून अशा ऑपरेशनात बरेच भूलतज्ज्ञ तो टाळतातच. तरीही 'आम्ही माळकरी आहोत, साखरेची गोळी अमुक वर्षे चालू आहे' एवढे तुम्ही सांगा. ऑपरेशनआधी बी-१२ ची रक्ततपासणी करून घेता येते, आणि कमी निघाले तर इंजेक्शने लगेच सुरू करता येतात. त्यासाठी ऑपरेशन लांबवावे लागत नाही, नायट्रस वगळले की झाले.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण माझ्या मते अधिक नुकसान तिच्यामुळे होते. पायाला मुंग्या आल्या की 'ताकदीचे लाल इंजेक्शन' घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. ते लाल औषध म्हणजे बहुतेकदा बी-१२च. पाच-दहा घेऊन पाहायला हरकत नाही. पण पाय कडक होत चालला आहे, चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, बांधावरून चालताना तोल जातो, छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, पाठ रात्री आडवे झाल्यावर जास्त दुखते, लघवीला बसल्यावर वेळ लागतो, असे असेल तर इंजेक्शनांवर महिने काढू नका. मणक्याचा एमआरआय लागतो. त्यातून प्रत्येकाला गाठ निघेल असे अजिबात नाही. सरकलेली गादी, क्षयरोगाचा मणका हे जास्त वेळा निघते. पण तेही लवकर कळलेलेच बरे.

आपल्याकडची खरी काळजी

गॅस चांगला की शिरेतली भूल चांगली, असा वाद घालण्यापेक्षा जे औषध दिले जाते ते दर्जेदार आहे का, हा प्रश्न भारतात जास्त महत्त्वाचा आहे. जून २०१७ मध्ये वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या रुग्णालयात काही दिवसांत शस्त्रक्रियांनंतर अनेक मृत्यू झाले आणि तिथे वापरलेला नायट्रस ऑक्साइड औषधी दर्जाचा नसल्याचे चौकशीत पुढे आले. २०२२ मध्ये चंदीगडच्या पीजीआयमध्ये शस्त्रक्रियेनंतर पाच रुग्ण दगावले. तिथले प्रोपोफॉलचे नमुने दर्जात नापास झाले. एकीकडे गॅस, दुसरीकडे शिरेतले औषध. यावर रुग्णाच्या घरच्यांना फारसे काही करता येत नाही, हे मला मान्य आहे. हे काम औषध प्रशासनाचे आणि रुग्णालयाच्या खरेदी विभागाचे आहे. एवढे मात्र करा, की भुलीचे औषध बाहेरून आणायला सांगितले, तर ते परवाना असलेल्या मेडिकल दुकानातून, पक्क्या बिलावर आणा आणि बिल फाइलला लावून ठेवा.

गाठ कर्करोगाची निघाली तर गॅसमुळे तो पुन्हा उलटतो का, असेही एकाने विचारले. हा प्रश्न डॉक्टरांमध्येही बरीच वर्षे चर्चेत आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर स्वीडनमधून चालवलेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोपोफॉल आणि सेवोफ्लुरेन यांत जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मज्जारज्जूची गाठ हा वेगळा आजार आहे, पण या कारणासाठी गॅस नाकारावा असा आधार आज नाही.

थांबण्याची किंमत

मज्जारज्जूच्या गाठीच्या ऑपरेशननंतर रुग्ण कसा चालेल, हे ऑपरेशनच्या आधी तो कसा चालत होता, यावर सर्वांत जास्त अवलंबून असते. चालत आलेला रुग्ण बहुधा चालत जातो. उचलून आणावा लागलेला रुग्ण पुन्हा चालेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. लघवीचा ताबा एकदा गेला की तो परत येणे त्याहून अवघड. म्हणून भुलीच्या भीतीने थांबणे हा सुरक्षित मार्ग नाही.

आणि भूल हे एकच कारण नसते, हेही मला माहीत आहे. लावणी उरकू दे. गणपती होऊ देत, मुंबईची माणसे घरी आलेली असतात. शिमगा झाल्यावर बघू. पावसात वरंध घाट बंद असतो, पुण्याला न्यायचे कसे? मुंबई दीड-पावणेदोनशे किलोमीटर, तिथे पुतण्याच्या खोलीत आधीच सहा माणसे. पैशाचे काय? व्हॉट्सॲपचा मेसेज या सगळ्या अडचणींना एक सोयीचे कारण मिळवून देतो, असे मला अनेकदा वाटते. मुलाला थांबायचे नसते. पण थांबायला कोणीतरी डॉक्टरी कारण दिले, तर मनावरचा भार कमी होतो.

पैशाबद्दल एक सांगतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता केवळ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती राहिलेली नाही. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. मज्जारज्जूच्या गाठीची शस्त्रक्रिया तिच्यात येते. रुग्णालय योजनेत असले पाहिजे. तिथे आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो. शिधापत्रिका, आधार आणि एमआरआयची फाइल घेऊन आधी त्याला भेटा. न्यूरोमॉनिटरिंगचा खर्च पॅकेजात धरला आहे की वेगळा द्यावा लागेल, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या. नंतर कळले की भांडणे होतात.

भूलतज्ज्ञांना काय सांगायचे

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटतात. ही भेट पाच-दहा मिनिटांत उरकते आणि आपली माणसे 'काही नाही, सगळे ठीक आहे' म्हणून मोकळी होतात. तसे करू नका.

पायातली ताकद नेमकी कधीपासून कमी झाली, हे सांगा. तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा, पण सांगा. स्नायू ढिले करणारे सक्सामिथोनियम नावाचे एक औषध पाय लुळे पडून काही दिवस झालेल्या माणसाला दिले, तर रक्तातले पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकते. घरात पूर्वी कोणी भुलेत, साध्या ऑपरेशनात अचानक दगावले असेल, खूप ताप चढून अंग कडक झाले होते असे ऐकिवात असेल, तर तेही बोला. मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा दुर्मीळ, घराण्यात चालणारा विकार असतो. त्यात सेवोफ्लुरेनसारखे सगळे गॅस वर्ज्य, शिरेतली भूल चालते. तिथे मात्र गॅसची निवड खरोखर जीवन-मरणाची असते.

दात हलत असतील किंवा कवळी असेल तर दाखवा. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण एमईपीच्या झटक्याने जबडा घट्ट मिटतो. जीभ चावू नये म्हणून तोंडात कापसाची-गॉजची गुंडाळी ठेवावी लागते, आणि हलता दात तुटून घशात जाऊ शकतो. फिट येत असतील, हृदयात पेसमेकर असेल, कवटीत पूर्वीच्या ऑपरेशनची पट्टी असेल, तर झटका द्यायचा की नाही याचा ते विचार करतील. डेक्सामेथासोन ही सूज उतरवणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. साखर वाढते म्हणून लोक ती सोडतात आणि पाय आणखी जड होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र आठवडाभर आधीच विचारा. मिश्री, तंबाखू, विडी, वैदूची पुडी, काहीही असो, लपवू नका. भूलतज्ज्ञ पोलिसात तक्रार करणार नाहीत.

ऑपरेशन पालथे झोपवून होते आणि कधी सहा-आठ तास चालते. बाहेर आल्यावर चेहरा, डोळे सुजलेले दिसतील. ती सूज पालथे राहिल्यामुळे असते आणि उतरते. भूल उतरताच रुग्णाला पहिली गोष्ट सांगतील, ती पाय हलवायची. घरून निघण्याआधीच आईला हे सांगून ठेवा, म्हणजे अर्धवट गुंगीत तिला ओळखीचे वाटेल. सुरुवातीचे काही दिवस बधिरपणा आधीपेक्षा जास्त जाणवू शकतो, विशेषतः गाठ मज्जारज्जूच्या आत असेल तर. तो बऱ्याचदा आठवड्या-महिन्यांत निवळतो. पण ऑपरेशननंतर हलत असलेला पाय रात्री किंवा दुसऱ्या दिवशी हलेनासा झाला, किंवा पाठीत एकदम कळ वाढत गेली, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. आत रक्त साचून दाब येत असू शकतो. त्याच क्षणी सिस्टरना उठवा, आणि डॉक्टर येईपर्यंत तिथून हलू नका.